यकृताचे मुके दुखणे आणि एम.आर.आय.

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात, नाशिक येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ह्या व्यासपीठावर दरवर्षी शिक्षणावर बोलले जाते आणि ते योग्यच आहे. मी पेशाने रेडिओलॉजिस्ट, म्हणजे शरीराची चित्रे वाचणारा डॉक्टर. तेव्हा मला जे येते तेच बोलावे असे ठरवले. विषय यकृताचा आहे. ऐकायला रुक्ष वाटेल, परंतु ह्या सभागृहात बसलेल्या पुष्कळांच्या घरापर्यंत तो पोहोचलेला आहे, आणि पोहोचला आहे हे त्यांना ठाऊक नाही. म्हणून थोडा वेळ मागतो.

यकृत आपल्याला अनोळखी नाही. बकरी ईदच्या दिवशी घरातल्या लहान मुलानेसुद्धा कलेजी पाहिलेली असते. लालसर तपकिरी, गुळगुळीत, मऊ, आणि कडा सुरीसारखी बारीक. आपले कसाईभाई एखादी कलेजी हातात घेऊन बाजूला टाकतात, कारण ती फिकी, टणक किंवा गाठाळ लागते. डोळ्यांनी आणि बोटांनी केलेली ही तपासणी आहे, आणि ती बरोबर असते. माणसाच्या बाबतीत अडचण एवढीच की कलेजी बाहेर काढून बोटाने दाबून पाहता येत नाही. आज मी ज्या यंत्राविषयी बोलणार आहे ते यंत्र नेमके तेच काम करते. रंग पाहते आणि बोटाने दाबावे तसे दाबूनही पाहते, पण त्वचेला न छेदता.

उर्दूत आपण यकृताला जिगर म्हणतो. धैर्य जिगरात, माया जिगरात, जवळचा मित्र जिगरी आणि पोटचे पोर म्हणजे जिगरचा तुकडा. इतका मान दिलेला हा अवयव स्वभावाने मात्र अत्यंत मुका आहे. दात दुखला तर घर डोक्यावर घेतो, पण यकृत वर्षानुवर्षे बिघडत राहिले तरी बहुधा हूं का चूं करीत नाही. सव्वा ते दीड किलो वजनाच्या ह्या अवयवाचा मोठा भाग निकामी होईपर्यंत उरलेला भाग काम रेटत राहतो. गाठ झाली तर ती एका जागी दिसते. पण मी ज्या आजारांविषयी बोलतो आहे ते एका जागी नसतात. ते साऱ्या यकृतात सारखे पसरलेले असतात, जसे दुधात पाणी. चरबी साठणे, लोह साठणे, सूज येणे, आणि शेवटी वण पडून सारे यकृत टणक व गाठाळ होणे, ज्याला आपण सिरॉसिस म्हणतो. पसरलेला दोष चित्रात ओळखणे कठीण असते, कारण तुलना करायला चांगला भाग शेजारी उरलेलाच नसतो.

आता एक गोष्ट सांगतो. ती सांगताना मला संकोच होतो, कारण तीत चूक माझी आहे.

माझे मामू जुन्या नाशकात शिलाईचे दुकान चालवीत. पाच वक्तांचे नमाजी, दारूचा थेंब तर सोडाच, ज्या लग्नात दारू असल्याची कुजबूज असे तेथून न जेवता परत येणारे. अंगाने सडपातळ, फक्त कुर्त्याखाली थोडेसे पोट. दिवसभर मशीनवर बसून काम आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाबरोबर एक गोड चहा. २०१२ साली मुलाच्या आग्रहाने त्यांनी सोनोग्राफी केली. अहवालात लिहिले होते, ‘फॅटी लिव्हर, ग्रेड एक’. कागद घेऊन ते माझ्याकडे आले. मी चष्मा न काढता म्हणालो, ‘मामू, हे हल्ली प्रत्येकालाच असते. काळजी करू नका.’ त्यांनी काळजी केली नाही. कागद कपाटात गेला.

२०१५ साली हर्नियाच्या शस्त्रक्रियेपूर्वी रक्त तपासले. मधुमेह निघाला. त्या कागदावर आणखी काही आकडे होते, ते कोणी एकत्र वाचले नाहीत. मीही नाही. २०२१ च्या पावसाळ्यात मामूंच्या पोटात पाणी झाले. एम.आर.आय. झाला तेव्हा ते चित्र मीच वाचले. कडा सुरीसारखी राहिली नव्हती. ती खडबडीत झाली होती, प्लीहा वाढलेली होती, आणि भोवती पाणी. चित्र इतके स्पष्ट होते की ते वाचायला माझ्यासारख्याची गरज नव्हती. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यानेही सांगितले असते. मामू दीड वर्ष झगडले आणि २०२३ च्या सुरुवातीला गेले.

त्यांचा एक प्रश्न माझ्या कानातून जात नाही. ‘बेटा, मी तर कधी प्यायलो नाही. मग हे माझ्या वाट्याला कसे?’ रुग्णालयात शेजारच्या खाटेवरचे लोक त्यांच्याकडे कोणत्या नजरेने पाहतात ह्याचेच त्यांना आजारापेक्षा अधिक दुःख होते. आपल्या समाजात हा गैरसमज खोल आहे: यकृत दारुड्याचे बिघडते, आपण पीत नाही, म्हणून आपण सुरक्षित. द्राक्षांच्या आणि वाइनच्या ह्या जिल्ह्यात राहून आपण त्यापासून दूर राहिलो हे चांगलेच आहे, पण यकृत तेवढ्यावर समाधान मानीत नाही.

वैद्यकशास्त्रालाही हे उशिरा कळले. १९८० साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील डॉ. लुडविग व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांच्या यकृताचे नमुने तपासले की जे दारू पीत नव्हते, आणि तरीही सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे यकृत दारुड्याच्या यकृतासारखेच दिसत होते. तेव्हापासून ‘दारूविना होणारा’ असे त्या आजाराचे नाव पडले. २०२३ साली जगातल्या तज्ज्ञांनी ते बदलले व चयापचयाशी निगडित असे नवे नाव दिले, कारण आजाराची ओळख ‘काय नाही’ ह्यावरून नव्हे, तर ‘काय आहे’ ह्यावरून व्हावी. जे आहे ते म्हणजे साखर, पोटाचा घेर, मधुमेह आणि बैठे जीवन. भारत सरकारने २०२१ साली हा आजार मधुमेह-हृदयरोगाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला. मामूंसारखे लोक थोडे असते तर सरकारने एवढे कष्ट घेतले नसते.

परंतु मामू तर सडपातळ होते! ह्या कोड्याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रात, पुण्यात सापडले. के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन ह्या दोघांचे एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आले. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी एकच, २२.३. वजनकाट्याच्या दृष्टीने दोघेही सारखेच सडपातळ. पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन ह्यांच्या अंगात ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकसाहेबांच्या अंगात २१.२ टक्के निघाली. स्वतःलाच उदाहरण करून दाखविणारे असे डॉक्टर मला फार आवडतात.

त्यांनी पुढे आणखी मागे जाऊन पाहिले. पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपले बाळ हडकुळे, पण त्याची चरबी मात्र त्या मानाने टिकून राहिलेली. २००९ साली पुणे आणि लंडन येथील नवजात बालकांच्या संपूर्ण शरीराचे एम.आर.आय. करून केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. आपली बाळे लहान असूनही त्यांच्या पोटाच्या भागातली चरबी अधिक आढळली. हा अभ्यास यकृतातल्या चरबीचा नव्हता, हे सांगायला हवे. पण दिशा कळते. आपली चरबी दंडावर, मांडीवर दिसत नाही. ती आत, पोटात जाऊन बसते. ‘आमचा मुलगा तर काडीसारखा आहे’ असे म्हणून निश्चिंत होणाऱ्या मातांनी हे ध्यानात ठेवावे.

पुण्याचे नाव निघाले म्हणून आणखी एक हकीकत सांगतो, कारण ती यकृताचीच आहे आणि तिचा भांड्यांशी संबंध आहे, आणि भांड्यांशी नाशिकचा जुना संबंध आहे. वडीलधाऱ्यांना आठवत असेल, एके काळी एक-दोन वर्षांच्या मुलांचे पोट फुगायचे, यकृत दगडासारखे व्हायचे आणि बहुतेक मुले दगावत. एका घरात पाठोपाठ दोन-दोन मुले जात. लोक नजर लागली म्हणत, डॉक्टर त्याला भारतीय बालयकृत सिरॉसिस म्हणत, आणि दोघांनाही कारण ठाऊक नव्हते. पुण्यात डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि इंग्लंडहून आलेले डॉ. स्टुअर्ट टॅनर ह्यांनी १९८० नंतरच्या दशकात शोध लावला की ह्या मुलांच्या यकृतात तांबे साठलेले असते. ते येते कोठून? तर बिनकल्हईच्या पितळी भांड्यात तापवलेल्या, त्यातच ठेवलेल्या वरच्या दुधातून. स्टीलची भांडी आली, आईचे दूध आणि स्वच्छ भांडे ह्यांचा सल्ला दिला गेला, आणि तो आजार जवळजवळ नाहीसा झाला. आपल्या मोहल्ल्यांतून भाता घेऊन फिरणारा कल्हईवाला एका अर्थी मुलांची यकृते वाचवीत होता, आणि त्याला कोणी त्याचे श्रेय दिले नाही.

त्या संशोधनासाठी एक गोष्ट अपरिहार्य होती: सुई. बरगड्यांमधून यकृतात सुई घालून धाग्याएवढा तुकडा काढायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. त्याला बायॉप्सी म्हणतात. आजही काही प्रसंगी तिच्यावाचून गत्यंतर नाही. पण तिच्या दोन उणिवा आहेत. एक, वेदना आणि क्वचित रक्तस्राव. दुसरी उणीव गृहिणींना चटकन कळेल. तो तुकडा साऱ्या यकृताचा सुमारे पन्नास हजारावा हिस्सा असतो. भात शिजला का हे पाहायला आपण एक शीत दाबतो, ते चालते, कारण सारे पातेले एकाच आचेवर असते. यकृतातले वण मात्र एकसारखे पडत नाहीत. एका ठिकाणचे शीत शिजलेले, तर शेजारचे कच्चे. शिवाय दरवर्षी सुधारणा झाली का हे पाहण्यासाठी कोणी पुन्हा पुन्हा सुई टोचून घेणार नाही.

येथे एम.आर.आय. उपयोगी पडते. आता विद्यार्थी मित्रांनी जरा सावरून बसावे.

आपल्या शरीरात पाणी आणि चरबी आहे, आणि दोन्हींत हायड्रोजन आहे. हायड्रोजनच्या अणूचे केंद्र म्हणजे एक बारीकसा भोवरा, आणि तो लोहचुंबकासारखा वागतो. दीड टेस्लाच्या यंत्राचे चुंबकत्व पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ३०,००० पट असते. त्यात माणूस झोपला की हे भोवरे एका ठराविक वेगाने डोलू लागतात, सेकंदाला सुमारे सहा कोटी चाळीस लाख वेळा. त्याच वेगाच्या रेडिओलहरीचा धक्का दिला की ते एका तालात येतात आणि स्वतः लहरी परत पाठवितात. हे तत्त्व ब्लॉख आणि पर्सेल ह्यांनी १९४६ साली दाखविले, त्याबद्दल त्यांना १९५२ चे नोबेल मिळाले. त्यापासून चित्र काढण्याची युक्ती पॉल लॉटरबर ह्यांनी १९७३ साली ‘नेचर’मध्ये मांडली. गंमत अशी की ‘नेचर’ने तो लेख आधी साभार परत केला होता. पीटर मॅन्सफील्ड ह्यांच्यासह लॉटरबर ह्यांना २००३ साली नोबेल मिळाले. परीक्षेत निबंध परत आला म्हणून रडणाऱ्यांनी ही हकीकत वाचावी. ह्या यंत्रात क्ष-किरण नसतात, हेही येथेच सांगून टाकतो, कारण पालक तोच प्रश्न पहिल्यांदा विचारतात.

आता चरबी कशी मोजायची? गोल्फ क्लबच्या मैदानावर दोन मुले गोल धावताहेत अशी कल्पना करा. एक पाणी, दुसरे चरबी. दोघेही वेगवान, पण चरबी जराशी मंद. काही वेळाने एक क्षण असा येतो की दोघे मैदानाच्या बरोबर समोरासमोरच्या टोकांना असतात, आणि आणखी काही वेळाने पुन्हा खांद्याला खांदा लावून. दीड टेस्लाच्या यंत्रात हा फरक सेकंदाला सुमारे २२० फेऱ्यांचा पडतो. म्हणजे सेकंदाच्या दोन-सव्वादोन हजारांश वेळात ते समोरासमोर येतात. त्या क्षणी टिपलेल्या चित्रात पाण्याच्या लहरीतून चरबीची लहर वजा होते, आणि खांद्याला खांदा असताना बेरीज होते. बेरीज आणि वजाबाकी दोन्ही हाती असतील तर दोन मूळ संख्या काढणे हे आपल्या शाळेच्या बीजगणितात येतेच! डिक्सन नावाच्या शास्त्रज्ञाने १९८४ साली ही रीत मांडली. आज ती सुधारून यकृताच्या प्रत्येक भागात चरबी किती टक्के हे सांगता येते. पाच टक्क्यांपर्यंत ठीक. त्यापुढे फॅटी लिव्हर. सोनोग्राफीला वीसेक टक्क्यांखालची चरबी बहुधा नीट ओळखता येत नाही, आणि ग्रेड एक की दोन हे पुष्कळदा पाहणाऱ्याच्या नजरेवर राहते. मीही तशा ग्रेडा लिहिल्या आहेत, म्हणून सांगतो.

दुसरी मोजणी लोहाची. लोह असेल तेथे भोवऱ्यांचा ताल लवकर मोडतो, लहर लवकर विझते. किती लवकर विझते ह्यावरून लोह किती हे ठरते. थॅलेसीमिया झालेल्या मुलांना वारंवार रक्त द्यावे लागते. रक्ताबरोबर आलेले लोह बाहेर टाकण्याची व्यवस्था शरीरात नाही. ते यकृतात आणि हृदयात साठते. औषध किती द्यायचे हे ठरवायला ही मोजणी फार मोलाची आहे. आपल्याकडे नात्यात लग्ने होतात. त्यावर टीका करायला मी उभा नाही. परंतु नवरा-नवरी दोघेही ह्या दोषाचे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता आजारी मूल होण्याची असते, आणि वाहक आहे की नाही हे एका रक्ततपासणीत कळते. बिदागीच्या साड्या मोजण्याआधी तेवढे करावे.

तिसरी मोजणी मला स्वतःला सर्वांत सुंदर वाटते. ती म्हणजे बोटाने दाबून पाहणे. उजव्या बरगडीवर एक लहानशी डफलीसारखी चकती बांधतात. ती सेकंदाला साठ वेळा हलकेच थरथरते. तो थरथराट यकृतातून लाटांसारखा जातो आणि यंत्र त्या लाटांचेच चित्र काढते. मऊ यकृतात लाटा जवळजवळ पडतात, टणक यकृतात लांब लांब. त्यावरून टणकपणा किलोपास्कलमध्ये निघतो. साधारण अडीचच्या खाली निरोगी, पाचच्या वर बहुतेक सिरॉसिस, आणि मधल्या पट्टीत वण किती पुढे गेलेत ह्याचा अंदाज. ही रीत मेयो क्लिनिकच्याच मंडळींनी १९९५ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केली. त्या लेखकांतले पहिले नाव राजा मुथुपिल्लई असे आहे, हे मुद्दाम सांगतो. येथे शीत दाबण्याचा प्रश्न उरत नाही. यकृताचा फार मोठा भाग एकदम दाबला जातो.

एवढे ऐकून उद्या सकाळी सगळे एम.आर.आय.च्या रांगेत उभे राहतील अशी मला भीती आहे. कृपा करून तसे करू नका. तपासणी हजारो रुपयांची आहे, टणकपणा मोजण्याची सोय सर्व केंद्रांत नसते, आणि बहुतेकांना तिची गरज नाही. बेंगळुरूच्या एका कंपनीने २०२३ मध्ये देशी बनावटीचे दीड टेस्लाचे यंत्र तयार केले, त्यामुळे पुढे दर उतरतील अशी आशा आहे. पण आज आपण खिसा पाहूनच बोलू. यंत्रालाही मर्यादा आहेत. लोह फार साठले असेल तर लाटांचे चित्र उमटत नाही. दर चित्राला पंधरा-वीस सेकंद श्वास रोखावा लागतो. लहान मुलांना आणि दम्याच्या माणसांना ते जमत नाही. आणि तांबे ह्या यंत्राला लोहासारखे दिसत नाही, तेव्हा पुण्याच्या त्या मुलांचे कोडे एम.आर.आय.ने सुटले नसते. ते सुटले आईला ‘दूध कशात तापवता?’ हा प्रश्न विचारल्याने.

मग आधी काय करावे? एक हिशेब शिकून घ्या. सातवी-आठवीचा विद्यार्थी करू शकेल. वय गुणिले ए.एस.टी., भागिले प्लेटलेट्स हजारांत गुणिले ए.एल.टी.चे वर्गमूळ. हे तिन्ही आकडे साध्या रक्ततपासणीत मिळतात. उत्तर १.३ च्या खाली आले तर वण फार पुढे गेलेले असण्याची शक्यता कमी. २.६७ च्या वर आले तर तज्ज्ञांकडे गेलेच पाहिजे. मधे आले तर फायब्रोस्कॅन नावाची स्वस्त तपासणी करावी, आणि तीतही स्पष्ट झाले नाही, किंवा शरीर फार स्थूल असेल, तर एम.आर.आय.ची पाळी. पासष्टीच्या पुढे १.३ ऐवजी २ ही मर्यादा धरतात, आणि अगदी तरुणांत हा हिशेब तितका भरवशाचा नाही. तो डॉक्टरांना दाखवायचा, त्यांच्या जागी वापरायचा नाही.

मामू गेल्यावर मी त्यांचे कपाट आवरताना २०१५ चा तो कागद सापडला. वय ५४, ए.एस.टी. ६२, ए.एल.टी. ४९, प्लेटलेट्स दीड लाख. मी तेथेच खाली बसून पेन्सिलीने हिशेब केला. चोपन्न गुणिले बासष्ट, ३,३४८. दीडशे गुणिले सात, १,०५०. भागाकार ३.१९. हा हिशेब २००६ सालापासून छापील होता. एवढा भागाकार सहा वर्षे आधी केला असता तर वजन, साखर, चालणे ह्यांवर काही करायला अवधी होता. यकृताची ही एक मोठी सोय आहे की वेळेवर हात आखडला तर ते सावरते. वजन पाच टक्क्यांनी उतरले तरी चरबी कमी होऊ लागते. दहा टक्के उतरले तर पुष्कळांत सूज आणि काही प्रमाणात वणही मागे हटतात.

मामूंचा मुलगा, माझा मामेभाऊ, एकतीस वर्षांचा, वजन ७४ किलो. वडिलांनंतर त्याचा मी एम.आर.आय. केला. खरे बोलायचे तर नियमाप्रमाणे त्याला गरज नव्हती. माझ्याच मनातील भीतीने तो केला. टणकपणा २.३, म्हणजे उत्तम. चरबी १८ टक्के. ‘फॅटी लिव्हर’ म्हटले असते तर त्याने वडिलांसारखाच कागद कपाटात टाकला असता. पण १८ हा आकडा त्याला बोचला. त्याने चहातली साखर सोडली, सरबताच्या बाटल्या घरात आणणे बंद केले आणि फजरनंतर पाऊण तास चालू लागला. वर्षाने वजन ६७ किलो, चरबी ७ टक्के. मोजपट्टीचे महत्त्व शिंप्याच्या मुलाला कोणी शिकवावे लागत नाही.

रमजानचा विषय निघाला की लोक मला विचारतात, रोजे यकृताला चांगले की वाईट? निरोगी माणसाला रोजा जड जात नाही. जड जातात ती इफ्तारची भजी, समोसे आणि गुलाबी सरबताचे लागोपाठ तीन पेले. जादा साखर यकृतातच चरबी होऊन बसू शकते. ज्यांना सिरॉसिस आहे किंवा मधुमेहाची औषधे चालू आहेत, त्यांनी मात्र रमजानच्या एक महिना आधी डॉक्टरांशी बोलून घ्यावे. आजाऱ्याला सवलत दिलेली आहे, आणि ती घेण्यात कमीपणा नाही.

ज्यांना एम.आर.आय. करावाच लागेल त्यांच्यासाठी दोन शब्द. ह्या यंत्राचे चुंबक रात्रंदिवस चालू असते. २०१८ च्या जानेवारीत मुंबईतील एका रुग्णालयात प्राणवायूचे नळकांडे घेऊन खोलीत गेलेला तरुण यंत्राकडे ओढला जाऊन दगावला. म्हणून दारातला कर्मचारी जे काढायला सांगेल ते निमूट काढावे. पेसमेकर, शस्त्रक्रियेत बसविलेली धातूची वस्तू, डोळ्यात गेलेला लोखंडी कण, सारे आधी सांगावे. भगिनींनी हिजाबच्या टाचण्या आणि जरीचे कपडे घरी ठेवावेत आणि त्या दिवशी सुरमा घालू नये. सुती ओढणी चालते, आणि स्त्री कर्मचारी हवी असल्यास वेळ घेतानाच विचारावे. एकदा एक आजीबाई गळ्यातील ताईत काढायला तयार होईनात. धातूच्या डबीतला, चाळीस वर्षांचा ताईत. शेवटी त्यांच्या नातीने तो ओंजळीत धरला आणि काचेपलीकडे त्यांना दिसेल अशी उभी राहिली. आजीबाई वीस मिनिटे न हलता झोपल्या. इतकी स्वच्छ चित्रे मला तरुण रुग्णांची मिळत नाहीत.

विद्यार्थ्यांनी मघा विचारले की ह्या क्षेत्रात यायचे तर डॉक्टरच व्हावे लागते का? नाही. यंत्र चालविणाऱ्या तंत्रज्ञांचे अभ्यासक्रम आहेत, आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठ तर आपल्या नाशकातच १९९८ पासून आहे. बारावीला भौतिकशास्त्र घेतलेल्या मुलींनी विशेष विचार करावा. स्त्री तंत्रज्ञ नाही म्हणून तपासणी पुढे ढकलणाऱ्या भगिनी मी रोज पाहतो.

माझे बोलणे संपले. बाहेरच्या वऱ्हांड्यात संस्थेने वजनकाटा आणि मोजपट्टी ठेवली आहे. भगिनींसाठी ग्रंथालयाच्या खोलीत वेगळी सोय आहे. घेर बेंबीच्या किंचित वर मोजायचा, श्वास सोडून, पोट आत न ओढता. पुरुषांचा ९० सेंटिमीटरच्या वर किंवा स्त्रियांचा ८० च्या वर असेल त्यांनी नाव लिहून जावे, आणि घरी जुने रक्ताचे अहवाल असतील ते येत्या रविवारी घेऊन यावेत. आठवीची मुले भागाकार करायला बसणार आहेत. त्यांचा प्रत्येक भागाकार मी तपासून पाहीन.